रेडीला खाण आणि बंदर सोडून बघण्यासारखं काय आहे?

तुम्ही लिहिलंय की वेंगुर्ल्याहून गोव्याला जाताना एक दिवस मोकळा आहे, वाटेत रेडी लागतं, ते खाणीचं आणि बंदराचं गाव आहे असं कळलं, तर ते सोडून तिथे ऐतिहासिक असं काय बघावं. तुमच्या प्रश्नातला तो 'सोडून' मला फार लागला. म्हणून लिहायला बसलो.

मी सोलापूरचा. आमच्याकडे समुद्र म्हणजे शाळेच्या सहलीत एकदा बघायची गोष्ट. पण रेडी हे नाव मी पंढरपूर, अक्कलकोट या नावांच्या बरोबरीनं ऐकत मोठा झालो, कारण माझे वडील तिथल्या लोखंडाच्या खाणीवर सात हंगाम राबले. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. मूळ गाव सांगोला तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळात सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं, आप्पाही त्यात होते. सुकडी खाऊन दिवस काढायचे. तिथे एक मुकादम आला आणि कोकणात खाणीवर माणसं पाहिजेत म्हणाला. खडी फोडून हात बसलेलाच होता. अकरा जण एसटीनं कोल्हापूरमार्गे सावंतवाडीला गेले आणि तिथून ट्रकच्या हौद्यात बसून रात्री रेडीला पोचले.

त्या पहिल्या रात्रीची गोष्ट आप्पांनी आम्हाला शंभर वेळा सांगितली असेल. अंधारात उतरले, झोपडीत पडले आणि बाहेरून सारखा आवाज येत होता. आप्पांना वाटलं पाऊस आला. तीन वर्षांत धड पाऊस न बघितलेला माणूस, तो उठून बाहेर गेला आणि तळहात पुढे करून उभा राहिला. हातावर काहीच पडेना. सकाळी कळलं, तो समुद्राचा आवाज होता.

आता गावाबद्दल. रेडी वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाला आहे, खाली तेरेखोलची खाडी आणि पलीकडे गोवा. आप्पा गेले तेव्हा हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला, पण आप्पांच्या तोंडात शेवटपर्यंत रत्नागिरीच राहिलं. खाणीतून निघणारा माल म्हणजे हेमॅटाइट, लोखंडाचा दगड. वरचा जांभा, म्हणजे कोकणातला तांबडा दगड, आणि माती काढायची, खालचा दगड फोडायचा, निवडायचा, ट्रकनं जेटीवर न्यायचा, तिथून बार्जमध्ये, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू होडीत, भरायचा. मोठी बोट किनाऱ्याला लागत नसे, ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी असे आणि बार्ज तिच्या कुशीला जाऊन माल देत. आप्पा म्हणायचे, माल जपानला जातो. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद, भरणी बंद, खाणीतही पाणी. मग आमची माणसं जूनमध्ये गावी परत यायची आणि हस्ताची जोंधळ्याची पेरणी उरकून पुन्हा रेडी. कोकणातल्या एका बंदराचं आणि सांगोल्याच्या काळ्या रानाचं वेळापत्रक असं एकमेकांत बसवलेलं होतं. हा इतिहास नाही तर काय आहे, असं मी अजून लोकांना विचारतो.

लोकांना म्हणजे मुख्यतः आमच्या दाजींना. थोरल्या बहिणीचे यजमान. माणूस चांगला आहे, दर महिन्याला पोरं घेऊन कुठल्या ना कुठल्या गडावर जातात, प्लास्टिक गोळा करून आणतात. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण २०१३ च्या दिवाळीत घरात सगळे बसले असताना आप्पांनी रेडीचा विषय काढला, तेव्हा दाजी म्हणाले, "मामा, दगड उचलले म्हणजे इतिहास होत नाही. इतिहास गडावर असतो." बोलणं सहज होतं, त्यात वाईट हेतू नव्हता. पण आप्पा गप्प झाले आणि पुढे दोन महिने त्यांनी रेडीचं नाव काढलं नाही. ते मला सहन झालं नाही. म्हणून जानेवारीत मी भाच्याची गाडी मागून घेतली आणि त्यांना रेडीला घेऊन गेलो. कडक भाकरी, शेंगाचटणी, पाण्याचा कॅन. आंबोलीचा घाट उतरताना माती काळ्याची तांबडी झाली, तेव्हा आप्पा सरळ बसले.

पहिल्यांदा गणपतीला गेलो. तुम्हीही जालच, कारण रेडी म्हटलं की सगळे तिथेच जातात. दोन हातांचा गणपती, माणसाएवढा उंच. तो कुठून आला ते मात्र जाणारे विचारत नाहीत. १९७६ च्या एप्रिलमध्ये तो खाणीच्या हद्दीत सापडला. खाणीवरच्या एका ट्रकचालकाला स्वप्नात दृष्टान्त झाला असं सांगतात. त्यानं सांगितलेल्या जागी खणलं तेव्हा मूर्ती निघाली, पुढे काही दिवसांनी तिचा उंदीरही निघाला. आप्पा तेव्हा तिथेच होते. तिसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर बघायला गेले, मूर्तीच्या कानात अजून माती होती म्हणायचे. म्हणजे ज्या देवळासाठी लोक खाण 'सोडून' जातात, तो देव खाणीतूनच आला आणि तो ट्रकवाल्याला भेटला. दर्शन घेताना एवढं तरी लक्षात ठेवा.

तिथून मी गाडी यशवंतगड किल्ल्याकडे घेतली तर आप्पा म्हणाले, "किल्ला ऱ्हाऊ दे. आदी क्यांपात चल." क्यांप म्हणजे मजुरांची वस्ती. ती कुठे होती ते त्यांना सांगता येईना. रस्ते बदललेले, झाडी वाढलेली. तासभर हिंडलो. शेवटी काजूच्या बागेजवळ एक म्हातारी भेटली, तिनं विचारलं, "खंयसून इलात?" सोलापूर म्हटल्यावर ती हसली. म्हणाली, सोलापूरची माणसं होती इथे, भाकरी थापायचा आवाज यायचा. तिनं बोट करून विहीर दाखवली. विहीर बघितल्यावर आप्पांना सगळं दिसायला लागलं.

काजूच्या झाडांमध्ये जांभ्याचं एक जोतं उरलं होतं. दहा बाय दहाचं असेल. वर भिंत नाही, काही नाही, फक्त तीन थर चिरे, त्यावर शेवाळ वाळून काळं पडलेलं. आप्पा त्यावर चढले आणि चपला काढून बाजूला ठेवल्या, देवळात ठेवावं तशा. मग पायानं जागा दाखवायला लागले. "हितं चूल. हितं मी आन् शिरपती. त्या कोपऱ्यात इजापूरचं दोगं, बोलायचं कानडी, पन् भजनाला मराठीत." दाराच्या जागी चिऱ्याला एक खोलगट घळ पडली होती, पातं टेकवून कोयते घासून घासून. त्यात त्यांनी अंगठा घातला, बरोबर बसला.

खाली पडलेला एक दगड उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. मुठीएवढा, काळपट करडा, दिसायला आमच्याकडच्या बसाल्टसारखाच. पण हातात घेतला आणि हात खाली गेला. साध्या दगडाच्या जवळजवळ दुप्पट जड. "चिऱ्यावर घास," म्हणाले. घासला तर काळ्या दगडाची रेघ लाल उमटली, वाळलेल्या रक्तासारखी. हेमॅटाइटची हीच ओळख, वरून कसाही दिसो, भुकटी लालच. आप्पांची आई, म्हणजे माझी आजी, दर पावसाळ्यात त्यांचं धोतर धुताना म्हणायची की हे कुणाचं रक्त लावून आणतोस. त्या लाल पाण्याची गोष्ट मला चाळीस वर्षं ऐकून माहीत होती. रेघ बघेपर्यंत कळली नव्हती.

संध्याकाळी जेटीकडे गेलो. आत सोडलं नाही, कुंपणाबाहेरून बघितलं. आप्पांनी हवेत हात करून सगळी भरणी करून दाखवली, फळी कशी टाकायचे, बार्ज कलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी सारखा माल कसा ओतायचे, कलला तर कोण ओरडायचं. एका हंगामात त्यांचा एक साथी फळीवरून पडून गेला. त्याचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. आप्पांनी त्या कुंपणापाशी ते नाव घेऊन नमस्कार केला आणि मग म्हणाले, चल आता किल्ल्याला.

यशवंतगड बघाच, मी बघू नका म्हणत नाही. रेडीच्या खाडीच्या तोंडाशी आहे, जांभ्याचे तट, खंदक, आणि भिंतींवरून वडाच्या मुळ्या अशा उतरल्यात की चिरा कुठला आणि मूळ कुठलं ते वेगळं काढता येत नाही. शिवकाळ, सावंतवाडीकर, अठराव्या शतकाच्या मध्याला काही वर्षं पोर्तुगीज, १८१९ मध्ये इंग्रज. आमचा सोलापूरचा भुईकोट इंग्रजांनी १८१८ च्या मेमध्ये घेतला, पुढच्याच वर्षी हा. पण मला दाजींना एकच विचारायचं असतं: हा किल्ला इथे का बांधला? उंच डोंगरावर नाही, आडवाटेला नाही, बरोबर खाडीच्या तोंडावर. कारण खाडीतून माल यायचा जायचा, आणि मालावर जकात होती. बंदर होतं म्हणून किल्ला होता. चार सत्तांनी जे झगडून घेतलं ते बंदर. तुम्ही बंदर सोडून किल्ला कसा बघणार? शिवाय गडाचे चिरे कुणी तरी खाणीतून काढलेच होते. जांभा जमिनीत मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं कापता येतो, हवा लागली की घट्ट होतो. ते कापणाऱ्या हातांचीही नावं गेली, माझ्या आप्पांच्या साथीदाराचं जसं गेलं.

हे सगळं मी इतकं का ताणतोय ते सोलापूरकराला विचारा. आमच्याकडे १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. अख्खं शहर भोंग्यावर उठायचं. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, खेड्यांतून आमच्यासारखे आले. पाहुणा आला की आम्ही त्याला सिद्धेश्वराचं तळं दाखवतो, भुईकोट दाखवतो, तुळजापूर-अक्कलकोट करून आणतो, चादर बांधून देतो. ती चादर ज्यातून आली त्या गिरण्यांच्या जागा दाखवत नाही. आप्पा रेडीहून १९७९ मध्ये परत आले ते इथल्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, पुढे साच्यावर, म्हणजे मागावर, कायम झाले. नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली आणि देणी कित्येक वर्षं अडकली. म्हणजे माझ्या बापानं आयुष्य घातलं ती दोन्ही ठिकाणं 'बघण्यासारखं काही नाही' या यादीत गेली. ती यादी मला मान्य नाही.

आणि गडावर इतिहास असतो म्हणणाऱ्यांना १९३० आठवून द्यावं लागतं. त्या वर्षी ६ एप्रिलला सोलापूर नगरपालिकेवर तिरंगा चढला. मेमध्ये गोळीबार झाला आणि मार्शल लॉ लागला. पुढे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिलं. कुर्बान हुसेन गिरणी कामगारांचे पुढारी होते. १९३० च्या त्याच मे महिन्यात रेडीच्या शेजारी शिरोड्याला मिठागरांवर सत्याग्रह चालू होता. एकीकडे गिरणी, एकीकडे मिठागर. दोन्ही ठिकाणी कामाच्या जागेवरच इतिहास घडला. शिरोडा रेडीहून अगदी जवळ आहे. मिठागरं अजून आहेत. उन्हात पांढरे ढीग दिसले तर तिथे पाच मिनिटं थांबा.

तुमच्या दिवसाचं सांगायचं तर एक दिवस पुरतो. सकाळी लवकर वेंगुर्ल्यात डचांच्या वखारीची पडकी इमारत बघून घ्या, सतराव्या शतकातली आहे. रेल्वे मुरगावला जायच्या आधी बेळगावकडचा माल घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात यायचा, हे डोक्यात ठेवून बंदरावर एक चक्कर मारा. मग शिरोडा, मग रेडी. गणपती, माउलीचं देऊळ, यशवंतगड. आणि वेळ काढून जेटीकडचा रस्ता आणि खाणीच्या कडेचा रस्ता, गाडीतून का होईना. शेवटी तेरेखोल. हा किल्ला खाडीच्या अलीकडे असूनही गोव्यात आहे, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला म्हणून. १९५४ च्या १५ ऑगस्टला गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींनी तिथे तिरंगा लावला होता. रेडीहून थेट रस्ता आहे.

जेटीपाशी किंवा चहाच्या टपरीवर साठी ओलांडलेला माणूस दिसला तर त्याला विचारा, तुम्ही खाणीवर होता का. एवढं विचारलं तरी पुरे, पुढे तोच बोलतो. फोनवर रेकॉर्ड करून घ्या, परवानगी विचारून. ही माणसं दरवर्षी कमी होतायत. आप्पांचं मी असं काही रेकॉर्ड केलं नाही, २०१८ मध्ये ते गेले, आणि बार्ज कलल्यावर कोण ओरडायचं त्याचं नाव मला आता आठवत नाही. मी खूप आठवून बघितलं.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. जुन्या खाणींचे खड्डे पाण्यानं भरलेले असतात, पाणी निळं-हिरवं सुंदर दिसतं, पण काठ ढासळतो आणि खोली भयंकर असते. उतरू नका, पोरांना सोडू नका. खाण आणि जेटीच्या हद्दीत विचारल्याशिवाय जाऊ नका. गडावर पावसाळ्यात शेवाळ असतं, झाडीत सरपटणारी जनावरं असतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. आणि मी बाहेरून आलेल्या मजुराचा मुलगा म्हणून हे लिहितोय. ज्यांच्या विहिरीत लाल पाणी आलं, ज्यांच्या काजू-आंब्यावर धूळ बसली, त्यांचं म्हणणं वेगळं असेल आणि ते खरंच आहे. त्या म्हातारीनंही मला शेवटी तेच ऐकवलं होतं. तिचा नवरा खाणीवर कामाला होता आणि तिची बाग खाणीनं खाल्ली, दोन्ही तिनं एकाच दमात सांगितलं. खाण चालू राहावी की बंद व्हावी यावर मी बोलणार नाही, तो तिथल्या माणसांचा प्रश्न. मी फक्त बघून या म्हणतोय.

दाजींचं म्हणाल तर गेल्या वर्षी ते पोरं घेऊन यशवंतगडावर जाऊन आले. फोटो पाठवले, तट चांगले आलेत. जेटीवर गेला होता का विचारलं तर म्हणाले, वेळ नव्हता. तो दगड आमच्या घरी खिडकीत आहे. ते आले की मी त्यांच्या हातात देणार आहे.